दागिना उलटा करून पाहा

मराठी घरात जुन्या दागिन्याचं वय विचारलं की उत्तर वर्षांत येत नाही, माणसांत येतं. 'पणजीच्या लग्नातला', 'थोरल्या वाड्यातला', आणि फारच जुना वाटला तर सरळ 'पेशवाईतला'. सांगणारा खोटं बोलत नसतो. पण पणजीच्या पाटल्या आजीने मोडून आपल्या मापाच्या करून घेतलेल्या असतात, नथीतले दोन मोती आईच्या वेळी बदललेले असतात, तन्मणीचा गोंडा गेल्या दिवाळीत पटवेकऱ्याकडून नवा घातलेला असतो. नाव मात्र पणजीचंच चालू राहतं. त्यामुळे 'हा दागिना किती जुना?' या प्रश्नावर जाणकार आधी उलट विचारतो, 'यातला कुठला भाग?'

अडचण मुळात धातूची आहे. लाकूड, हाड, कापड यांत कार्बन असतो, म्हणून त्यांचं वय प्रयोगशाळेत काढता येतं. सोन्यात तशी सोय नाही. ते गंजत नाही, आणि एकदा मुशीत आटलं की त्याचा मागचा सगळा इतिहास पुसला जातो. सराफाची कसोटी किंवा हल्ली दुकानात असणारं कॅरटमीटर सोन्याचा कस सांगतं, जन्मसाल सांगत नाही. म्हणून दागिन्याचं वय हे परिस्थितिजन्य पुराव्यावर ठरवायचं असतं. या कामात एक नियम सगळ्यांत उपयोगी पडतो. दागिन्यात सगळ्यांत जुनं काय आहे ते शोधू नका, सगळ्यांत नवं काय आहे ते शोधा. दागिना त्याच्या सर्वांत नव्या मूळ भागापेक्षा जुना असू शकत नाही. 'मूळ' हा शब्द महत्त्वाचा, कारण दोरा, गोंडा, फिरकी, नाकी या बदलायच्याच गोष्टी आहेत. त्या वगळून उरलेल्या भागांतला सर्वांत नवा भाग कोणता, यावर बहुतेक सगळं ठरतं.

नाण्यावरचं साल

नाण्यांच्या दागिन्यांवर साल छापलेलंच असतं, त्यामुळे ते सोपे वाटतात. राणीछाप रुपयांची माळ घ्या. एका बाजूला व्हिक्टोरिया राणीचा मुखवटा, दुसरीकडे 'वन रुपी' आणि खाली १८६२. म्हणजे माळ १८६२ ची? नाही. कंपनी सरकारने १८४० मध्ये राणीचा रुपया काढला, आणि पुढची सुमारे दोन दशकं टांकसाळीतून पडणाऱ्या रुपयांवर १८४० हेच साल येत राहिलं. राणीच्या कारभारात नवा रुपया आला तो १८६२ चा, आणि तोही आकडा १८७४ पर्यंत तसाच राहिला. १८७३ मध्ये पडलेल्या रुपयावरही १८६२ असू शकतं. त्यानंतर साल दरवर्षी बदलू लागलं. १८७७ पासून राणीच्या नावापुढे 'क्वीन' जाऊन 'एम्प्रेस' आलं, म्हणून तो शब्द असलेलं नाणं नक्की १८७७ नंतरचं.

एवढं कळलं तरी ते नाण्याचं वय झालं, माळेचं नाही. चांदीचा रुपया बाजारात तीस-चाळीस वर्षं फिरून मग सोनाराकडे गेलेला असू शकतो. इथे झीज मदतीला येते. नाणं बाजारात झिजतं तेव्हा दोन्ही बाजू सारख्या झिजतात, कारण ते हातोहात, पिशवीत, गल्ल्यात सगळीकडून घासलं जातं. माळेत गेल्यावर मात्र कपड्याला आणि अंगाला लागणारी बाजू जास्त झिजते, दर्शनी बाजू त्या मानाने टिकते. मागची बाजू गुळगुळीत आणि पुढे राणीच्या केसांची बट न् बट स्पष्ट असेल, तर नाणं कोरं असतानाच माळेत ओवलं गेलं आणि ती माळ भरपूर वापरली गेली. दोन्हीकडे सारखीच झीज असेल तर नाणं जुनं, पण माळ बरीच नंतरची असू शकते. माळेत वेगवेगळ्या सालांची नाणी असतील तर सर्वांत अलीकडचं साल धरायचं. सतरा नाणी व्हिक्टोरियाची आणि एक पंचम जॉर्जचं असेल, आणि त्या एकाची नाकी इतरांसारखीच बसवलेली असेल, तर अख्खी माळ पंचम जॉर्ज गादीवर आल्यानंतरची, म्हणजे १९१० नंतरची.

गिनीचंही तसंच. ७.९८ ग्रॅम वजनाचं, २२ कॅरटचं हे ब्रिटिश नाणं आपल्याकडे दागिन्यांत मुबलक वापरलं गेलं. १९१८ मध्ये तर ते मुंबईच्या टांकसाळीतही पाडलं गेलं आणि त्या गिन्यांवर सालाच्या वर इंग्रजी 'आय' हे अक्षर बारीक कोरलेलं असतं. पण गिनीवरच्या सालावरही आंधळा विश्वास टाकता येत नाही. १९२५ साल असलेल्या गिन्या ब्रिटनच्या टांकसाळीने १९४९ ते १९५२ या काळात पुन्हा पाडल्या होत्या.

पुतळीची गोष्ट याहून लांबची आहे. पुतळीच्या मुळाशी व्हेनिसचं डुकाट हे नाणं आहे. जवळजवळ शुद्ध सोन्याचं, साडेतीन ग्रॅमचं हे नाणं १२८४ पासून १७९७ मध्ये व्हेनिसचं प्रजासत्ताक बुडेपर्यंत पडत राहिलं, आणि पाचशे वर्षांत त्याचा छाप फारसा बदलला नाही. संत मार्कपुढे गुडघे टेकलेला व्हेनिसचा शासक एका बाजूला, तारकांच्या लंबवर्तुळात उभा येशू दुसऱ्या बाजूला. पश्चिम किनाऱ्यावर व्यापारातून आलेलं हे सोनं आपल्या सोनारांनी उचललं आणि पुढे नक्कलही केली. अस्सल डुकाटवर शासकाचं नाव वाचता येतं, त्यावरून त्याची कारकीर्द काढता येते. नकलेवर त्या अक्षरांच्या नुसत्या उभ्या रेघा झालेल्या दिसतात, कारण ठसा कोरणाऱ्याला ती लिपी येत नव्हती. नकलेची नक्कल होत गेली तसतशा आकृत्याही बदलत गेल्या. आजच्या पुतळ्यांवर बहुधा लक्ष्मी असते. अस्सल डुकाट असलेली माळसुद्धा डुकाटच्या काळातलीच असेल असं नाही, पण लक्ष्मीची पुतळी चारशे वर्षांची असल्याचं कोणी सांगितलं तर हसून सोडून द्यावं.

मोती आणि खडे

नथ, चिंचपेटी, तन्मणी, कुड्या यांत वयाचा सर्वांत चांगला साक्षीदार म्हणजे मोती. जुन्या दागिन्यांतले 'बसरा' मोती इराणच्या आखातातल्या शिंपल्यांत नैसर्गिकपणे झालेले असत. ते मुंबईच्या बाजारात येत, इथेच प्रतवारी होई आणि इथेच त्यांना भोकं पाडली जात. जपानमध्ये कोकिची मिकिमोतो यांनी १८९३ मध्ये अर्धगोल मोती पिकवून दाखवला, आणि पूर्ण गोल कल्चर्ड मोती जगाच्या बाजारात भरपूर यायला लागले ते १९२० च्या दशकात. त्यातच १९२९ ची जागतिक मंदी आली आणि आखातातला मोत्यांचा धंदा १९३० च्या दशकात पार बसला. तिथून पुढे नव्या दागिन्यांत नैसर्गिक मोती दुर्मीळ होत गेले.

फरक ओळखायला मोत्याचं भोक पाहायचं. सराफाचं दहापट भिंग आणि बारीक टॉर्च पुरते. कल्चर्ड मोत्याच्या पोटात शिंपल्याचा कातलेला मणी असतो, बहुधा अमेरिकेतल्या मिसिसिपीच्या खोऱ्यातल्या गोड्या पाण्याच्या शिंपल्याचा. त्यावर मोत्याचा थर पातळ असतो. त्यामुळे भोकाच्या तोंडाशी, पृष्ठभागापासून थोडं आत, थर आणि मणी यांच्यामधली रेघ दिसते. नैसर्गिक मोत्यात अशी एकच ठळक सीमा नसते, आतपर्यंत थरावर थर असतात. जुन्या मोत्याचं भोक अरुंदही असतं, कारण मोती वजनावर विकला जाई आणि भोकातून गेलेला प्रत्येक कण म्हणजे गेलेला पैसा. कमानीच्या हातसामत्याने दोन्ही टोकांकडून भोक पाडलं जाई, म्हणून मधोमध कधी किंचित पायरी आढळते. पक्का निर्णय मात्र प्रयोगशाळेतल्या क्ष-किरण तपासणीनेच होतो.

माणिकाचीही एक तारीख आहे. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ ऑग्युस्त व्हर्नय याने ज्योतीत ॲल्युमिनाची पूड वितळवून माणिक करायची पद्धत १९०२ मध्ये जाहीर केली आणि काही वर्षांतच कृत्रिम माणकं जगभर पसरली. हे नकली खडे नव्हेत, रासायनिक दृष्ट्या ते माणिकच असतं, फक्त कारखान्यातलं. थेंब थेंब वाढत गेल्यामुळे त्याच्या आत ग्रामोफोनच्या तबकडीवर असतात तशा वक्र रेघा उमटतात, क्वचित हवेचे गोल बुडबुडेही. खाणीतल्या माणकात वाढीच्या रेघा सरळ आणि कोनात असतात. वाड्यातल्या नथीत असा वक्र रेघांचा खडा निघाला तर घाबरायचं कारण नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो नवलाईचा आणि महागही होता. मात्र त्या नथीला 'पेशवाईतली' म्हणता येणार नाही, कारण पेशवाई १८१८ मध्येच संपली.

हिऱ्यांत पैलू पाहायचे. पैलू न पाडलेली पोलकी आणि तळ सपाट असलेला रोझ कट हे प्रकार फार जुने. एकोणिसाव्या शतकातल्या हिऱ्याचा आकार बहुधा उशीसारखा चौकोनी गोल, माथा उंच, आणि वरून सरळ पाहिलं की तळाचं टोक छाटल्यामुळे मधोमध छोटं वर्तुळ दिसतं. आज आपण पाहतो त्या ब्रिलियंट कटचं गणित मार्सेल टोलकोव्स्की याने १९१९ मध्ये मांडलं. 'अमेरिकन डायमंड' म्हणून विकला जाणारा क्युबिक झिरकोनिया बाजारात आला तो १९७६ नंतर. आजीच्या नावाने चालत आलेल्या कुडीत तो सापडला तर एक तर कुडी नवी, नाही तर खडा बदललेला.

या दोहोंतलं कोणतं खरं, ते कोंदण सांगतं. खडा बदलताना कोंदणाची कड उचलावी लागते आणि पुन्हा दाबावी लागते. तिथे कड बारीक चिरलेली, लाटांसारखी किंवा इतर घरांपेक्षा जास्त चकचकीत दिसते. सगळी कोंदणं सारखी शांत असतील तर खडे मूळचे असण्याची शक्यता दांडगी.

मागची बाजू

दागिन्याची पुढची बाजू जगासाठी असते. डिझाइन, चमक, नक्षी सगळी तिथे. सोनाराच्या हाताच्या खुणा मात्र मागे राहतात, म्हणून जाणकार दागिना हातात घेतला की आधी उलटा करतो.

हातकामात सोनं पत्र्याच्या आणि तारेच्या रूपात येतं. पत्रा ठोकून पातळ केलेला, तार भोकांच्या पट्टीतून ओढलेली. मग रवा लावलेला, म्हणजे सोन्याचे बारीक गोल दाणे एकेक करून बसवलेले. ठुशीच्या किंवा साजाच्या पानावरच्या रव्याकडे भिंगातून पाहा. हाताने लावलेला दाणा पूर्ण गोल असतो, पृष्ठभागाला एका बिंदूत टेकतो, त्याच्याखाली सावलीची बारीक फट दिसते आणि शेजारचा दाणा केसभर लहानमोठा असतो. रबरी साच्यात मेण घालून ओतकामाने काढलेल्या दागिन्यात हाच रवा पृष्ठभागातून वर आलेल्या पुटकुळ्यांसारखा दिसतो. दाण्याखाली फट नाही, खाचांत सुईच्या टोकाएवढी छिद्रं, आणि उजव्या पानावर जी चूक आहे तीच डाव्या पानावर. ओतकामाची ही पद्धत दागिन्यांच्या धंद्यात सर्रास झाली ती विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात.

कुडीचं मळसूत्रही बोलकं असतं. हाताने पाडलेले आटे ओबडधोबड आणि असमान असतात, इतके की डाव्या कुडीची फिरकी उजवीला नीट बसत नाही. आटे एकसारखे, बारीक आणि फिरक्या कुठल्याही कुडीला चालणाऱ्या असतील तर ते यंत्राचं काम. पण इथे आपला नियम विसरायचा नाही. दांडी आणि फिरकी हे भाग बदलले जातात. कुडीच्या पाठीवर दांडीच्या मुळाशी वेगळ्या रंगाचा डाग दिसतो का ते पाहायचं.

डागावरूनही काळ कळतो. विसाव्या शतकाच्या अखेरीस कॅडमियमचा डाग लोकप्रिय होता आणि दागिन्यांवर 'केडीएम' असा शिक्काही मारला जाई. कॅडमियमची वाफ कारागिराच्या फुप्फुसांना घातक, म्हणून तो मागे पडला. कॅरटमीटरने सांध्यावर कॅडमियम दाखवलं तर तो सांधा अलीकडचा, मग दागिना कितीही काळपट दिसो. दिसण्याचं काय, दुकानात 'अँटिक' म्हणून जे मिळतं ते बऱ्याचदा केवळ पॉलिश असतं. मुद्दाम आणलेला काळेपणा सगळ्या खाचांत सारखा असतो. खरी झीज जिथे घासतं तिथेच होते. साखळीच्या कड्या एकमेकींना टेकतात तिथे खोबण, पाटलीची बिलवराला लागणारी कड, नथीच्या तारेचा नाकात राहणारा भाग. जिथे घासायचं कारणच नाही तिथली नक्षी गुळगुळीत असेल तर शंका घ्यावी.

शिक्के, कायदे आणि वजन

भारतात सोन्याचं हॉलमार्किंग २००० मध्ये सुरू झालं. सुरुवातीच्या हॉलमार्कमध्ये सालाचं एक इंग्रजी अक्षर असे, 'ए' म्हणजे २०००. ते अक्षर २०१७ पासून गेलं. १ जुलै २०२१ पासून सहा अक्षर-अंकी एचयूआयडी हा ओळखक्रमांक आला, तो लेसरने कोरलेला असतो. ९१६ हा आकडा आपल्या घराघरांत पोचला तो हॉलमार्कमुळेच. त्याआधी सराफाचं नाव किंवा आद्याक्षरं आणि '२२' असा ठोकलेला शिक्का असे, किंवा काहीच नसे. पण शिक्का तपासणीची तारीख सांगतो, घडवण्याची नव्हे. जुन्या दागिन्याला आज तपासून एचयूआयडी लावता येतो.

याहून गमतीशीर खूण सुवर्णनियंत्रणाने सोडली आहे. चीनच्या युद्धानंतर, जानेवारी १९६३ मध्ये अर्थमंत्री मोरारजी देसाई यांनी १४ कॅरटपेक्षा जास्त कसाचे नवे दागिने घडवण्यावर बंदी आणली. हजारो सोनारांचा धंदा बसला. १४ कॅरटची ही अट १९६६ मध्ये उठली, नियंत्रण मात्र १९६८ च्या कायद्याने १९९० पर्यंत चाललं. मराठी घरात पाटल्या, मोहनमाळ, बोरमाळ असे दागिने २२ कॅरटच्या आसपासचेच असायचे. म्हणून जुन्या वळणाची हातकामाची मोहनमाळ १४ कॅरटची निघाली, तर त्या तीन-चार वर्षांकडे बोट दाखवता येतं. उलट बाजूने '२२ कॅरट म्हणजे त्या काळातली नव्हे' असं म्हणता येत नाही. कायदा आणि सराफी यांचं पूर्ण जमलंय असं कधी झालेलं नाही.

वजनही विचारात घ्यावं. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. मेट्रिक पद्धत १९५८ पासून टप्प्याटप्प्याने आली आणि आता दुकानात तोळा म्हणजे १० ग्रॅम धरतात. गिऱ्हाईक दागिना सांगताना पूर्ण तोळ्यांत सांगतं. पाटल्यांची जोडी ४६.४ ग्रॅम भरली तर ती जुन्या चार तोळ्यांची, थोडी झिजलेली असू शकते. लाख भरलेल्या गोठांना हा हिशेब लावता येत नाही. आणि भरीव दागिन्यातही हा इशारा आहे, पुरावा नव्हे.

घाटाचा पुरावा सर्वांत दुबळा

लोक सर्वांत जास्त विश्वास ठेवतात तो घाटावर. वज्रटीक आहे, म्हणजे जुनीच. पण वज्रटीक, ठुशी, कोल्हापुरी साज आजही रोज घडतात. मागणी असेपर्यंत घाट मरत नाही. घाट फार तर इतकं सांगतो की अमुक काळाआधी हे नव्हतं. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेचे परशुराम कृष्ण गोडे यांनी नथीच्या प्राचीनतेचा शोध घेतला तो याच वाटेने. प्राचीन भारतीय शिल्पांत स्त्रिया गळ्यापासून घोट्यापर्यंत दागिन्यांनी मढलेल्या आहेत, पण नाकात काही नाही. मराठी नवरीची ओळख झालेली नथ अजिंठ्याच्या चित्रांतल्या स्त्रियांच्या नाकात शोधून सापडत नाही.

फोटो मात्र घाटापेक्षा भरवशाचा. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ मध्ये स्थापन झाली आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत मध्यमवर्गीय घरांतही लग्नाचा फोटो आला. फोटोत 'तशीच' नथ दिसून भागत नाही, 'तीच' दिसायला हवी. त्यासाठी वेडावाकडा मोती, वाकलेली तार, एखादं रिकामं कोंदण अशी खूण जुळवायची. लग्नातल्या दागिन्यांची यादी, सराफाची पावती, मोडीतलं टिपण हेही तितकंच मोलाचं. फोटो आणि कागद आणखी एक काम करतात. बाकीचे पुरावे 'याच्या आधीचा नाही' एवढंच सांगतात, हे 'याच्या नंतरचा नाही' असं सांगतात. दोन्ही टोकं मिळाली की अंदाज पक्का होतो.

अंदाज कसा मांडायचा

समजा हातात एक मोत्यांची नथ आहे. तार हाताने ओढलेली, नाकातल्या जागी झिजलेली. मोती नैसर्गिक, फक्त कडेचे दोन कल्चर्ड, आणि त्यांच्याजवळची तार पुन्हा वळवल्याच्या खुणा. मधलं माणिक व्हर्नय पद्धतीचं, कोंदण न हललेलं. घरात १९३८ च्या लग्नाचा फोटो आहे आणि त्यात या नथीतला एक किंचित चपटा मोती ओळखू येतो. आता निकाल असा: कडेचे दोन मोती दुरुस्तीतले, ते हिशेबात धरायचे नाहीत. माणिक मूळचं, म्हणून नथ विसाव्या शतकाच्या आधीची नाही. फोटोमुळे १९३८ नंतरची नाही. अंदाज साधारण १९०५ ते १९३८. तीस-पस्तीस वर्षांची ही कमान कारणांसह सांगता येते, म्हणून ती 'दीडशे वर्षांची' या ठोक वाक्यापेक्षा जास्त खरी.

या कमानीला व्यवहारातही अर्थ आहे. बाजारात शंभर वर्षांवरचं ते अँटिक आणि त्याअलीकडचं जुनं ते व्हिंटेज, असा ढोबळ रिवाज आहे. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यातही शंभर वर्षांची रेघ आहे, आणि पुरावस्तू देशाबाहेर नेण्यावर निर्बंध आहेत. परदेशी स्थायिक झालेल्या लेकीला पणजीचा ऐवज द्यायचा तर हे आधी विचारून घ्यावं.

वय कळलं म्हणून किंमत वाढेलच असं नाही. सराफ मोडीत घेताना लाख, मोती, खडे वजा करून सोनं तोलतो, त्याला सालाशी देणंघेणं नसतं. म्हणून दागिना पॉलिशला, गाठवायला किंवा मोडायला देण्याआधी त्याचा पुढून आणि मागून फोटो काढावा, वजन लिहावं, कुठला भाग कधी बदलला ते घरातल्या थोरांना विचारून टिपावं. आटल्यावर त्या दागिन्याबद्दल सांगण्यासारख्या दोनच गोष्टी उरतात, ग्रॅम आणि कॅरट.